पैसा पहिल्या शर्यतीपासूनच होता

जून २०२५मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने एका समझोत्यावर शिक्कामोर्तब केले आणि तिथल्या विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठामागे मर्यादा ठरली सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची. लगेच हळहळ सुरू झाली : कॉलेजचा खेळ बाजारात गेला, जुना निर्मळ काळ संपला. हा निर्मळ काळ नेमका कधी होता, हे मात्र कुणी सांगत नाही.

अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाली ती ३ ऑगस्ट १८५२ रोजी, न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपेसॉकी सरोवरात. हार्वर्ड आणि येल यांची नौकाशर्यत. मुलांना तिथे नेण्याआणण्याचा, राहण्याखाण्याचा सगळा खर्च केला एका रेल्वे कंपनीने. सरोवराकडे जाणाऱ्या तिच्या गाड्यांना प्रवासी हवे होते. हार्वर्डची ‘ओनायडा’ जिंकली. बक्षीस म्हणून काळ्या अक्रोडाच्या लाकडाची, चांदीने मढवलेली वल्ही मिळाली. ती देणारे फ्रँकलिन पिअर्स त्या वेळी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते आणि तीन महिन्यांनी निवडूनही आले. प्रायोजक, जाहिरात, व्यासपीठावर पुढारी : काहीच कमी नव्हते.

तरीही त्या काळात एक गोष्ट खरोखर वेगळी होती. खेळ मुलांचा होता.

हार्वर्डमध्ये फुटबॉल म्हणजे सत्राच्या सुरुवातीला दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी चेंडूचे निमित्त करून नवागतांना बडवून काढायचे. त्या दिवसाचे नावच ‘ब्लडी मंडे’. नडग्या फुटत, डोळे काळेनिळे होत. १८६०मध्ये प्राध्यापकांनी हा प्रकार बंद केला, तर मुलांनी फुटबॉलची अंत्ययात्रा काढली. ढोल वाजले, शवपेटीत चेंडू ठेवला गेला, शोकभाषण झाले आणि मैदानात खड्डा खणून त्याला मूठमाती दिली गेली. वर फलकही उभारला : मृताचे वय ६० वर्षे, आणि खाली लॅटिनमध्ये, तो पुन्हा उठो. १८७४मध्ये हार्वर्डचा संघ कॅनडाच्या मॅकगिलशी फुटबॉल खेळत होता.

मास्तरांची मनाई आणि मुलांचा हट्ट अशी ही ओढाताण सगळीकडे चालू होती. ६ नोव्हेंबर १८६९ला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांचा सामना झाला तेव्हा प्रत्येक बाजूला २५ गडी होते. कोट काढले की झाली तयारी. नियम कप्तानांनी आपसांत ठरवले. रटगर्स ६-४ने जिंकले. १८७३मध्ये कॉर्नेलच्या मुलांना मिशिगनशी खेळायला क्लीव्हलँडला जायचे होते. अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट यांनी साफ नकार दिला : हवा भरलेली पिशवी इकडून तिकडे हलवण्यासाठी तीस जणांनी चारशे मैल कशाला जायचे? विनोद चांगला होता, उपयोग शून्य. वीस वर्षांनी येल-प्रिन्स्टन सामन्याला न्यूयॉर्कमध्ये सुमारे ४० हजार लोक जमले.

गर्दी आली तशी लबाडीही आली. १८९६मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचा कायद्याचा विद्यार्थी फील्डिंग योस्ट अचानक लाफाएत कॉलेजचा ‘विद्यार्थी’ झाला, तोही पेनसिल्व्हेनियाविरुद्धच्या मोठ्या सामन्याच्या तोंडावर. लाफाएत ६-४ने जिंकले, पेनची सलग ३६ विजयांची मालिका तुटली आणि योस्ट पुन्हा आपल्या मूळ वर्गात हजर! पुढे हाच गडी मिशिगनचा नामवंत प्रशिक्षक झाला. त्याच्याच पुढाकाराने १९२७मध्ये उभे राहिलेले तिथले मैदान आज लाखाहून जास्त प्रेक्षक घेते.

विद्यापीठांनी हे बंद नाही केले, ताब्यात घेतले. नव्या शिकागो विद्यापीठात अध्यक्ष हार्पर यांनी १८९२मध्ये एमॉस स्टॅग यांना प्रशिक्षक नेमताना प्राध्यापकाचा दर्जा दिला. १९०५च्या हंगामात मैदानावर अठराच्या आसपास मुले दगावली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याच साली मोठ्या विद्यापीठांना बोलावून तंबी दिली, आणि कॉलेजच्या खेळांचे नियमन करणाऱ्या आजच्या एनसीएए या संघटनेची पायाभरणी झाली. प्रशिक्षकाने पगार घ्यावा, विद्यापीठाने तिकिटे विकावीत, खेळाडूने मात्र हौशी राहावे, असा सोयीचा हिशेब पुढे शंभर वर्षे चालला. निर्मळपणाचे सोवळे फक्त खेळाडूच्या वाट्याला.

त्यामुळे आता मिळणारे पैसे ही मेहेरबानी नव्हे, थकबाकी आहे. खटकते ते वेगळेच. वाटा किती, कुणाला, कोणत्या खेळाला, हे खेळाडूंनी बसून ठरवलेले नाही. तसा प्रयत्न झाला होता : मार्च २०२४मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल खेळाडूंनी १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना करण्याचा कौल दिला. विद्यापीठाने त्यांच्याशी वाटाघाटीला बसायलाच नकार दिला आणि वर्ष संपताना खेळाडूंना संघटनेसाठीचा अर्ज मागे घ्यावा लागला.