डब्यात पाणी आहे. आणखी काय आहे?

घराच्या भिंतींपुरता सॉल्व्हंटचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. रोम अँड हास कंपनीने १९५३ मध्ये रंगासाठी शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक इमल्शन बाजारात आणले. त्यानंतरच्या दशकांत स्टायरीन-अ‍ॅक्रिलिक आणि व्हिनाइल अ‍ॅसिटेटच्या कोपॉलिमरांनी ही वाट इतकी स्वस्त आणि सोपी केली, की आज घराच्या आतल्या भिंतीला ऑइल पेंट मारायचा विचार फारसे कोणी करत नाही. पण त्याच घराचे लोखंडी गेट, खिडकीची ग्रिल आणि लाकडी चौकट यांवर अजून अल्किड इनॅमलच चढते, आणि पेंटर त्यात टर्पेंटाइन ओततो तेही डोळ्यांच्या अंदाजाने. एमआयडीसीतल्या छोट्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये, ट्रकच्या बॉडीवर, शेतीच्या अवजारांवर तर जाइलीनयुक्त थिनरचेच राज्य आहे. भिंतीवर जे जमले ते धातूवर आणि लाकडावर का रखडले? किंमत, सवय, पेंटरचा हटवाद ही नेहमीची उत्तरे खोटी नाहीत. पण खरे कारण रेझिनच्या रसायनात आहे, म्हणून त्यावरचा उपायही रेझिन बनवणाऱ्यांकडूनच यायला हवा.

भिंत सच्छिद्र असते, पाणी शोषून घेते, तिच्यावर आरशासारखी चकाकी कोणी मागत नाही आणि तिला कोणी घासत-आपटत नाही. फिल्म थोडी मऊ राहिली तरी भिंतीवर खपून जाते. दाराचे तसे नाही. दार रोज चौकटीवर बसते. फिल्म मऊ असेल तर ते चौकटीला चिकटते आणि उघडताना रंगाचे पापुद्रे निघतात. मे महिन्यात विदर्भात उन्हातला लोखंडी पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो. त्या तापमानाला फिल्म कडक राहायला हवी, नाहीतर धूळ तिच्यात कायमची रुतते. कडकपणा हवा म्हणजे पॉलिमरचे काचसंक्रमण तापमान वर न्यावे लागते. पण इमल्शनचे कण एकमेकांत मिसळून सलग फिल्म व्हायची असेल, तर लावण्याच्या तापमानाला ते कण मऊच हवेत. अल्किडपुढे हा पेच नसतो. त्याचे रेणू लहान असतात, सॉल्व्हंटमध्ये विरघळलेले असतात, आणि आधी पसरून नंतर हवेतल्या ऑक्सिजनने ते कडक होतात. इमल्शनमध्ये मात्र लाखो वजनाचे रेणू आधीच तयार होऊन कणांत बसलेले असतात. लावताना मऊ आणि वाळल्यावर कडक, अशी दुहेरी मागणी आपण त्यांच्याकडे करतो.

या पेचातून सुटायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कोॲलेसिंग एजंट घालणे. कडक कणांना तो तात्पुरता मऊ करतो आणि फिल्म जुळून आल्यावर हळूहळू उडून जातो. उडून जातो तो हवेतच, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. या कामासाठी जगभर वापरले जाणारे टेक्सॅनॉल सुमारे २५४ अंश सेल्सिअसला उकळते. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशात व्हीओसी म्हणजे २५० अंश किंवा त्याखाली उकळणारे द्रव्य. चार अंशांच्या फरकाने ते हिशेबातून सुटते. पण खोलीच्या हवेत ते कित्येक आठवडे झिरपत राहतेच. आकड्यांचा दुसरा घोळ मोजण्याच्या पद्धतीत आहे. युरोपात व्हीओसी डब्यातल्या एकूण रंगाच्या प्रति लिटर मोजतात, अमेरिकेत पाणी वजा करून. ज्या रंगाचे निम्मे आकारमान पाणी आहे, त्याचा युरोपीय आकडा ५० असेल तर अमेरिकी आकडा १०० येतो. रंग तोच. त्यात दुकानातल्या टिंटिंग मशिनमधून पडणाऱ्या कलरंटमध्ये ग्लायकॉल असेल, तर ‘लो व्हीओसी’ हे वर्णन पांढऱ्या बेसपुरतेच खरे उरते. डब्यावरचा एक आकडा खाली आणणे आणि रंग निरुपद्रवी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्या उद्योगाने पहिल्यावर जेवढी मेहनत घेतली तेवढी दुसऱ्यावर घेतलेली नाही.

हीच गत बाकी घटकांची. इमल्शन स्थिर ठेवायला वर्षानुवर्षे नोनिलफिनॉल इथॉक्सिलेट वापरले गेले. सांडपाण्यात त्याचे विघटन होऊन उरणारे नोनिलफिनॉल जलचरांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करते. बॅचच्या शेवटी उरलेला मोनोमर संपवायला रोंगालाइट घालतात, आणि ते फॉर्मल्डिहाइड सोडते. पॉलियुरेथेन डिस्पर्शन करताना एनएमपी वापरले तर ते तयार मालात राहते, आणि ते प्रजननाला घातक ठरलेले द्रव्य आहे. परिरक्षकांचा पेच तर विचित्र आहे. सॉल्व्हंट, अमोनिया आणि उरलेला मोनोमर कमी केला की रेझिन जिवाणूंना अधिक मानवते, आणि मग आयसोथायाझोलिनोनचा डोस वाढवावासा वाटतो. त्यातले एमआयटी त्वचेला इतके संवेदक आहे, की १ मे २०२० पासून युरोपात १५ पीपीएमच्या पुढे मिश्रणाचे वर्गीकरणच बदलते. टाक्या आणि पाइपलाइन स्वच्छ ठेवणे हा यावरचा निम्मा उपाय आहे. त्याला पेटंट लागत नाही, म्हणून कदाचित त्याची चर्चाही होत नाही.

यातला प्रत्येक प्रश्न सोडवण्याजोगा आहे, आणि बहुतेकांची उत्तरे प्रसिद्ध वाङ्मयात आहेत. मूळ पेचाला दोन टप्प्यांचे पॉलिमरायझेशन हे चांगले उत्तर आहे: एकाच कणात मऊ आणि कडक अशी दोन अंगे ठेवायची, मऊ अंगाने कण जोडले जातात, कडक अंगाने फिल्मला ताठपणा येतो. त्याला डायअ‍ॅसिटोन अ‍ॅक्रिलामाइड आणि अ‍ॅडिपिक डायहायड्रॅझाइडच्या जोडीची साथ दिली, की पाणी आणि अमोनिया निघून गेल्यावर खोलीच्या तापमानालाच क्रॉसलिंकिंग होते. पूर्वी या कामाला एन-मेथिलॉल अ‍ॅक्रिलामाइड वापरत. त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटे, इथे तो प्रश्न नाही. पॉलियुरेथेन डिस्पर्शनसाठी एनएमपीऐवजी अ‍ॅसिटोन वापरून ते शेवटी ऊर्ध्वपातनाने परत मिळवता येते. रोंगालाइटच्या जागी अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल चालते. अल्किड इमल्शनबाबत मात्र आमचे मत जरा सावध आहे. पेंटरच्या हाताला अल्किडचा ब्रश ओळखीचा वाटतो, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण अल्किडचे एस्टर बंध अल्कधर्मी पाण्यात साठवणीतच तुटत जातात, आणि ड्रायर पिगमेंटवर शोषला गेला की सहा महिन्यांनी वाळण्याची वेळ लांबते. आपल्या गोदामांतला उन्हाळा पाहता, ते विकणाऱ्याने साठवणीच्या चाचणीचे निकाल आधी दाखवावेत.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत वजनदार आक्षेप पावसाळ्याचा आहे. सॉल्व्हंट उडण्याचा वेग हवेतल्या ओलाव्यावर अवलंबून नसतो; पाण्याचा असतो. सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल तर कोरड्या हवेच्या तुलनेत पाण्याला उडून जायला जेमतेम १५ टक्के जोर उरतो. वाईट गोष्ट पुढे आहे: एका मर्यादेपलीकडच्या आर्द्रतेत ग्लायकॉल ईथरसारखा कोसॉल्व्हंट पाण्याआधी उडतो, आणि कण जुळायची वेळ येते तेव्हा त्यांना मऊ करणारे द्रव्यच शिल्लक नसते. लोखंडावर पाणी जास्त वेळ राहिल्याने फ्लॅश रस्टिंगचे डाग उमटतात ते वेगळेच. म्हणून कोकणात जुलै महिन्यात वॉटरबेस्ड प्रायमर नको म्हणणारा ठेकेदार अडाणी नाही. तो अनुभवाने बोलतो. पण यातून निष्कर्ष काय निघतो? कोसॉल्व्हंटच्या आधारावर उभे असलेले रेझिन आपल्या हवामानात सर्वांत आधी पडते, आणि आधाराविना फिल्म बांधणारे टिकण्याची शक्यता अधिक. म्हणजे पर्यावरणाची मागणी आणि पावसाळ्याची मागणी या बाबतीत एकच आहे. आपण मात्र तपासतो कशावर? आयएसओच्या प्रमाण वातावरणात २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असते. भारतीय मानकांत २७ अंश आणि ६५ टक्के. मुंबईचा जुलै या दोन्हींत बसत नाही.

दुसरा आक्षेप ऊर्जेचा. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात, जाइलीनला सुमारे ३४०. मग ओव्हनमध्ये वाळवल्या जाणाऱ्या रंगात पाणी घालून हवा वाचवली तरी कोळसा जास्त जाळला, असे म्हणतात. गणित बरोबर, पण अर्धे. सॉल्व्हंटच्या ओव्हनमध्ये स्फोटाची मर्यादा गाठू नये म्हणून ताजी हवा सतत आत घ्यावी लागते आणि ती सगळी तापवावी लागते. पाण्याच्या वाफेला ती भीती नसल्याने गरम हवा बरीचशी फिरवून वापरता येते. शिवाय हे नवे प्रयोग नाहीत. फोर्डने १९६० च्या दशकात मोटारींच्या बॉडीला इलेक्ट्रोकोट द्यायला सुरुवात केली. आज चाकणच्या असेंब्ली लाइनवरची बॉडी गंजापासून वाचते ती पाण्यात विखुरलेल्या इपॉक्सी-अमाइन रेझिनच्या त्याच कुळातल्या कोटामुळे. पाण्यातले रेझिन गंज रोखू शकत नाही, हा आक्षेप निदान तिथे तरी निकालात निघालेला आहे.

सांडपाण्याचा आक्षेप मात्र पूर्ण मान्य करायला हवा. रिअ‍ॅक्टर धुतल्यावर निघणारे पांढरे पाणी सीईटीपीला जड जाते. हवेतले प्रदूषण नाल्यात ढकलणे ही सुधारणा नव्हे. धुण्याचे पाणी पुढच्या बॅचमध्ये परत घेण्याची सोय नसलेल्या कारखान्याने स्वतःला हरित म्हणवू नये. पावडर कोटिंगकडे बोट दाखवणाऱ्यांना एवढेच सांगावे, की भिंतीत बसवलेली ग्रिल ओव्हनमध्ये नेता येत नाही.

राहिली किंमत. चांगल्या सेल्फ-क्रॉसलिंकिंग रेझिनचा किलोचा भाव मीडियम ऑइल अल्किडपेक्षा जास्त आहे, हे खरे. पण अल्किडच्या भावात पेंटरच्या फुप्फुसांची किंमत धरलेली नसते. डेन्मार्क-स्वीडनमध्ये १९७० च्या दशकातच पेंटरांच्या स्मृतीवर आणि मज्जासंस्थेवर सॉल्व्हंटचे परिणाम नोंदवले गेले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्ये पेंटरचा व्यवसायच पहिल्या गटातला, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा, ठरवला. आपल्याकडचा पेंटर बंद खोलीत तोंडाला रुमाल बांधून काम करतो, आणि रुमालाने वाफ अडत नाही. शिशाची ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून कायद्याने लागू झाली. व्हीओसीबाबत तशी सक्ती नाही म्हणून थांबणे परवडण्याजोगे असले, तरी सक्ती आली की ती घाईची असेल आणि घाईत पुन्हा टेक्सॅनॉलचाच डबा उघडला जाईल.

आमचे मागणे रेझिन उत्पादकांकडे आहे आणि ते छापील आहे. डेटाशीटवर घनता, पीएच आणि व्हिस्कॉसिटी तुम्ही देताच. त्यांच्याबरोबर उरलेला मोनोमर, कोणता सरफॅक्टंट, कोणता परिरक्षक किती पीपीएम, आणि कोॲलेसिंग एजंटविना किमान फिल्म तापमान किती, हेही द्या. २५० अंशांच्या वर उकळणारी द्रव्ये वेगळी दाखवा. फॉर्म्युलेटरांनी हे आकडे मागावेत. न मिळाल्यास दुसरीकडे चौकशी करावी. आणि येत्या जूनपासून सौम्य पोलादाचे पॅनेल ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत रंगवून, वाळवून, पुढे सॉल्ट स्प्रेत घालून पाहा. कोणते रेझिन कुठे फसले याचे निकाल या मासिकाकडे पाठवावेत. यशाइतकीच जागा आम्ही अपयशाला देऊ.