वर्गातलं मतदान

फ्रेंच राज्यक्रांतीचं १७८९ हे साल पोरांना पाठ असतं. पण फ्रान्सच्या बायकांना मताचा हक्क १९४४ साली मिळाला आणि स्वित्झर्लंडच्या बायकांना देशाच्या निवडणुकीत १९७१ साली, हे कोणी सांगत नाही. आमच्या मोर्शीतल्या सगळ्या सज्ञान बायकांना तो १९५१-५२ च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत होता. म्हणजे युरोपातही लोकशाही भांडून, थोडी थोडी करूनच मिळाली.

मग शाळेचं मंत्रिमंडळ गुरुजींनीच मार्क पाहून का नेमावं? मला वाटतं, चिठ्ठ्या टाकून गुप्त मतदान होऊ द्या. निवडून आलेल्या मुलीला पाण्याच्या टाकीबद्दल मुख्याध्यापकांना विचारू द्या. तिनं नाही विचारलं, तर पुढच्या वर्षी पोरं दुसऱ्याला मत देतील. एवढं कळलं तरी पुष्कळ.