आईला बाहेरच्या बाकावर बसवू नका

आपल्या बहुतेक थेरपी केंद्रांत मूल आत असतं आणि आई बाहेरच्या बाकावर. पाऊण तासाने दार उघडतं, "घरी एवढं करून घ्या" म्हणत तिच्या हाती कागद दिला जातो आणि पुढचं मूल आत येतं. आठवड्यातले दोन-तीन तास आपले. अंघोळ, जेवण, झोप हा बाकी सगळा वेळ घरच्यांचा. दोन-तीन वर्षांच्या स्वमग्न मुलाचा संवाद तिथेच वाढायचा असतो.

गोव्यातल्या 'संगत' संस्थेने रावळपिंडीतल्या सहकाऱ्यांसोबत केलेली 'पास' चाचणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. स्वमग्न मुलं 65, वय 2 ते 9. पालकांना शिकवणारी ब्रिटनमधली 'पॅक्ट' पद्धत इथल्या घरांना जुळेल अशी बेतून घेतलेली. सत्रं घेणारे तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण घेतलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र घटला, हेही सांगायला हवं.

या पद्धतीचा गाभा आहे चित्रफीत. आई-मुलाचा काही मिनिटांचा खेळ टिपायचा आणि तिच्यासोबत बसून बघायचा. ती सारखं विचारत असते, "हे काय? सांग ना!" मूल गाडीचं चाक फिरवत राहतं. मग ती क्षणभर गप्प होते आणि मूल मान वर करून तिच्याकडे बघतं. तिथे चित्रफीत थांबवून तिलाच विचारायचं, "आत्ता काय झालं?" आपल्याला उत्तर आधीच दिसलेलं असतं, म्हणून थांबणं जड जातं. तरीही थांबायचं. तिला स्वतःला उमगलेलं ती जेवण भरवताना, बसमध्येही वापरते. आपली सूचना बहुधा कागदावरच राहते.

मात्र पालकांना शिकवणं म्हणजे आपलं काम त्यांच्या गळ्यात घालणं नव्हे. नोकरी, स्वयंपाक आणि धाकटं मूल सांभाळणाऱ्या बाईकडे रोजचा जादा तास मागणं अन्याय आहे. जे रोज घडतंच, त्यातच बदल सुचवा. आणि ऑटिझम पालकांच्या वागण्यामुळे होत नाही, हे पहिल्याच भेटीत, शक्यतो वडील आणि सासूबाईंच्या देखत, स्पष्ट सांगा.

या महिन्यापासून प्रत्येक सत्रातली शेवटची पंधरा मिनिटं पालकांसाठी राखून ठेवा. काय अनुभव आला, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.