नव्याचा सण, वर्ष ५७८६

आज घटस्थापना. सकाळी घरोघरी परडीतल्या मातीत धान्य पेरले जाईल आणि संध्याकाळी सूर्य मावळला की अलिबाग, ठाणे, मुंबई, पुण्यातल्या ज्यू घरांत दिवे लागून हिब्रू कालगणनेचे ५७८६वे वर्ष सुरू होईल. २२ सप्टेंबर २०२५ हा दिवस असा दोघांचा आहे. ही जुळणी पुढेही चालू राहते. २ ऑक्टोबरला आपला दसरा असेल, त्या दिवशी ज्यू समाज वर्षातला सर्वांत कडक उपास, योम किप्पूर पाळील. ६ ऑक्टोबरला कोजागरीचा चंद्र वर येईल, त्याच संध्याकाळी सुक्कोथ हा मांडवाचा सण लागेल. यंदा मार्चमध्ये होळी पेटली त्या संध्याकाळी ज्यूंचा पुरीमचा सण सुरू झाला होता आणि हनुमान जयंतीच्या पौर्णिमेला पेसाहचा सण लागला होता.

यात चमत्कार काही नाही. दोन्ही पंचांगे एकाच चंद्राकडे पाहतात आणि दोघांपुढे अडचणही एकच आहे. चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात. ऋतुचक्राला ३६५ दिवस लागतात. इस्लामी कालगणनेने ही अकरा दिवसांची तूट तशीच राहू दिली, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आपल्याला आणि ज्यूंना ते चालण्यासारखे नव्हते. दिवाळी पावसाळ्यात येऊन भागत नाही. पेसाह वसंतातच आला पाहिजे, अशी तर त्यांच्या धर्मग्रंथाची आज्ञाच आहे. म्हणून दोघांनीही अधिक महिन्याचा उपाय काढला. हिब्रू पंचांगात एकोणीस वर्षांचे चक्र असते. त्यात बारा वर्षे बारा महिन्यांची आणि सात वर्षे तेरा महिन्यांची. आपल्याकडेही एकोणीस वर्षांत साधारण सातच अधिक मास येतात. शिवाय मराठी महिना अमावास्येला संपतो, हिब्रू महिनाही अमावास्येच्या पुढे नव्या चंद्राने सुरू होतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो; तेव्हा या बाबतीत अलिबागचा ज्यू काशीच्या पंडितापेक्षा शेजारच्या ब्राह्मणाला जवळचा.

फरक आहे तो अधिक महिना कुठे घालायचा यात. आपण सूर्याची संक्रांत ज्या चांद्रमासात पडत नाही, तो अधिक मानतो; त्यामुळे कधी श्रावण, कधी ज्येष्ठ, कधी आश्विन दुणावतो. ज्यूंनी जागा कायमची ठरवून टाकली आहे. दुणावतो तो फक्त अदार, म्हणजे ढोबळमानाने आपला फाल्गुन. पुरीम मग दुसऱ्या अदारात साजरा होतो, म्हणजे पुरीम आणि पेसाह यांच्यातले महिन्याचे अंतर मोडत नाही. या फरकामुळे दोन्ही पंचांगांची पावले अधूनमधून चुकतात. पुढच्या वर्षी आपला ज्येष्ठ अधिक आहे, त्यांचा अदार मात्र तेव्हा एकच. साहजिकच ५७८७चे नववर्ष ११ सप्टेंबर २०२६च्या संध्याकाळी, गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी येईल. मग २०२७मध्ये त्यांचा अदार दुणावेल आणि नववर्ष पुन्हा नवरात्राच्या तोंडाशी येऊन थांबेल.

हे गणित आज सोपे वाटते. मुळात ते गणित नव्हतेच. यरुशलेममधल्या न्यायमंडळापुढे साक्षीदार येत, नवी कोर कोणत्या दिशेला, किती उंच दिसली हे सांगत. त्यांची उलटतपासणी होई आणि मग महिना लागल्याचे जाहीर होई. ही वार्ता डोंगरमाथ्यांवर आगट्या पेटवून दूरवर पोचवली जाई. विरोधकांनी खोट्या आगट्या पेटवायला सुरुवात केल्यावर जासूद पाठवू लागले. जिथे जासूद वेळेवर पोचत नसत, तिथे चूक नको म्हणून एकेक सण दोन दोन दिवस पाळला जाई. इस्रायलबाहेरचे परंपरानिष्ठ ज्यू आजही अनेक सणांना तो जादा दिवस पाळतात. शंका केव्हाच फिटली, तिची आठवण मात्र धर्म होऊन बसली.

इ. स. ७०मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर जमीनदोस्त केले आणि पुढे तिथली धर्मसत्ताही क्षीण होत गेली. चौथ्या शतकात दुसऱ्या हिल्लेलने पंचांगाचे नियम जाहीर केले, असे परंपरा सांगते. ते सगळे बारकाव्यांसह पक्के व्हायला आणखी काही शतके लागली. ९२१-२२मध्ये बॅबिलोनचे पंडित सादिया आणि पॅलेस्टाइनचे बेन मेइर यांच्यात तिथीवरून एवढा वाद पेटला की, दोन गटांचे सण वेगवेगळ्या दिवशी झाले. वादाचा निकाल सादियांच्या बाजूने लागला आणि तेव्हापासून हिशेब एकच राहिला. महिना २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भागांचा. एका तासाचे भाग १०८०. रविवार, बुधवार आणि शुक्रवार या वारी वर्षारंभ करायचा नाही; बुधवारी किंवा शुक्रवारी केला, तर किप्पूरचा उपास शनिवारच्या शब्बाथाला, म्हणजे विसाव्याच्या दिवसाला, लागून येतो आणि सलग दोन दिवस चूल पेटत नाही. हे नियम ज्याला येतात, तो जगाच्या पाठीवर कुठेही पंचांग मांडू शकतो. तिथी सांगण्याचा एका शहराचा अधिकार सगळ्यांच्या हाती गेला.

तरीही हे पंचांग यरुशलेमच्याच ऋतूंवर चालते, ही त्यातली खरी मौज. पेसाहला तिथले जव तयार होतात, शबुओथच्या सणाला गहू, सुक्कोथला द्राक्षे आणि इतर फळे. सुक्कोथ संपताना प्रार्थनेत पाऊस मागितला जातो, कारण तिथला कोरडा उन्हाळा तेव्हा सरत असतो. आता हीच प्रार्थना अलिबागच्या इस्राएल आळीतल्या मागेन आबोथ प्रार्थनालयात ऐकावी. बाहेर भात पिवळे झालेले, शेतकरी परतीच्या पावसाच्या धास्तीने आभाळाकडे पाहतो आहे आणि आत पाऊस मागणे चालले आहे! पेसाहपासून हे मागणे थांबते, नेमके तेव्हा कोकणातल्या विहिरींनी तळ गाठलेला असतो. दूरच्या भूमीचा पाऊस असा शतकानुशतके परमुलखात मागितला गेला. ज्यांच्याकडे भूमी उरली नव्हती, त्यांनी तिचे हवामान प्रार्थनेत जपले.

कोकणच्या बेने इस्राएल ज्यूंची कथा याहून विलक्षण आहे. त्यांच्याकडे भूमी नव्हती, तसा ग्रंथही उरला नव्हता. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, ही त्यांची परंपरागत कथा. वाचलेल्यांचे वंशज कोकणातल्या गावागावांत पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, पेणकर, रोहेकर, किहिमकर, नवगावकर झाले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू भाषा गेली, पोथ्या गेल्या. उरली ती ‘शेमा’ ही प्रार्थना, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, शनिवार आणि सणांच्या तिथी. दाविद राहाबी नावाच्या ज्यू पाहुण्याने त्यांना ओळखले, ती गोष्टही स्वयंपाकघरातलीच. त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढी शिजवायला घेतली, बाकीची बाजूला सारली.

सणांची नावे त्यांनी मराठीत ठेवली होती. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना ती नोंदवली, हे आपल्यावर मोठे उपकार आहेत. वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करायची तो खिरीचा सण. किप्पूर हा दारफाळणीचा सण. दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून, अन्नपाण्यावाचून दिवस घालवायचा. दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीमला सरळ होळीचाच सण म्हणत. तिथी पाहिली की नावाचे कोडे उरत नाही. अव महिन्याच्या नवमीला, मंदिराच्या विध्वंसाच्या दिवशी, वालाचे बिरडे खात, म्हणून तो बिरड्याचा रोजा. शेवात महिन्याच्या पौर्णिमेला एलियाहू हनाबीचा उरूस. पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळांचा मलिदा तेव्हा होतोच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे, या श्रद्धेने लोक आजही तिथे जातात.

या सगळ्यांत थक्क करणारा आहे तो अनाशी ढाकायचा सण. अनास म्हणजे चटणीसारखे तोंडी लावायचे आंबट पाणी. ते साठवण्याचे मडके या दिवसांत झाकून ठेवायचे. हा पेसाह होता. इजिप्तमधून घाईने निघालेल्या पूर्वजांना कणीक आंबवायला वेळ मिळाला नाही, म्हणून पेसाहच्या दिवसांत आंबवलेले काही खायचे नाही, हा त्यामागचा नियम. इजिप्त विसरले, मोशे विसरला, सुटकेची गोष्ट विसरली. मडके मात्र ठरल्या तिथीला झाकले जात राहिले. ग्रंथ हरवलेला समाज एका मडक्याच्या झाकणावर आपला धर्म तोलून धरतो, याचा अर्थ पंचांगकर्त्यांनी आणि धर्मपंडितांनीही समजून घ्यावा. सण टिकतो तो तिथी आणि ताट यांच्या जोडीने. पोथी मागाहून येते.

आणि ती आलीही. हनुक्का हा सण बेने इस्राएलांना ठाऊकच नव्हता. तो सुरू झाला इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात, तेव्हा आमचे पूर्वज त्याआधीच निघाले असावेत, असा युक्तिवाद समाजातल्या जाणत्यांनी केला. अशी निसटलेली पाने एकोणिसाव्या शतकात परत जोडली गेली. कोचीहून शिक्षक आले, मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६मध्ये मुंबईत आणि १८७४मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह निघाली. पुढे बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनेही रंगू लागली. नव्या शिक्षणाने जुने पुसले नाही. नववर्षाला रोश हशाना हे हिब्रू नाव रुळले, तरी त्या दिवशी नारळाच्या दुधातला चिकाचा हलवाच होतो. वाइनच्या जागी मनुकांचे सरबत आशीर्वादाच्या पेल्यात भरले जाते.

आज मात्र हे पाळणारी माणसेच इथे थोडी उरली आहेत. १९४८नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्रायलला गेले. तिथेही त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली गेली आणि निदर्शने केल्यावर १९६४मध्ये त्यांना बरोबरीचे स्थान मिळाले. त्यांनी तिथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक काढले. भारतात आता सगळे मिळून जेमतेम चार-पाच हजार ज्यू आहेत. महाराष्ट्राने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६मध्ये.

आजपासून किप्पूरपर्यंतचे दहा दिवस वर्षभराच्या वागणुकीचा हिशेब मांडण्याचे असतात. मिश्ना या ज्यू धर्मसंहितेने यात एक कडक अट घातली आहे. देवाशी झालेला अपराध हा उपास धुऊन काढील; माणसाशी झालेला अपराध त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय धुतला जाणार नाही. ७ ऑक्टोबर २०२३ला, सिम्हाथ तोरा या सणाच्या दिवशी, हमासने इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसे मारली. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये, तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार, साठ हजारांहून अधिक जीव गेले आहेत. हा हिशेब ज्यांचा त्यांनी द्यायचा आहे. राज्यकर्त्यांना मिश्नाची अट लागू नाही, असे कोणी समजू नये. आणि तो हिशेब अलिबागच्या किंवा ठाण्याच्या ज्यू शेजाऱ्याकडे मागण्याचा अधिकार आपल्याला नाही, हेही तितकेच स्पष्ट असावे. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ला खबाद हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हा अशा हिशेबाची किंमत आपण पाहिली आहे.

आपल्या हाती असलेले काम निराळे आणि साधे आहे. खिरीचा सण, दारफाळणी, बिरड्याचा रोजा ही जेवढी ज्यू धर्माची संपत्ती आहे, तेवढीच मराठी संस्कृतीची. जगात दुसऱ्या कुठल्या भाषेत ती सापडणार नाही. विद्यापीठांनी वृद्ध बेने इस्राएल स्त्रीपुरुषांकडून या सणांच्या रीती त्यांच्याच शब्दांत नोंदवून घ्याव्यात. ग्रंथसंग्रहालयांनी मराठी हग्गादा आणि कीर्तने शोधून जतन करावीत. दिनदर्शिका छापणाऱ्यांनी हिब्रू नावांशेजारी ही कोकणी वळणाची मराठी नावेही छापावीत. यातल्या कशालाही मोठा निधी किंवा सरकारी समिती लागत नाही. वेळ मात्र फार उरलेला नाही. ५७८६ हे वर्ष या कामाला लावता आले, तर बेने इस्राएल बांधवांना आज दिलेल्या शुभेच्छांना काही अर्थ राहील. नव्याच्या सणाच्या त्या शुभेच्छा!