खासगी बेटावरची सुट्टी: मजा आपली, पैसा कुणाचा?

इन्स्टावर 'परफेक्ट डे' एवढंच शोधून बघा. निळंशार पाणी, आभाळाला भिडणाऱ्या घसरगुंड्या, हवेत तरंगणारा हेलियमचा फुगा आणि मागे एखाद्या टॉवरसारखं उभं असलेलं जहाज. अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्या एखाद्या मावशीच्या किंवा दादाच्या स्टेटसवर हे फोटो येऊनही गेले असतील. बेटाचं नाव कोकोके, देश बहामा. बेट चालवणारी कंपनी रॉयल कॅरिबियन. तिचं मुख्यालय मायामीत, नोंदणी लायबेरियात आणि तिच्या 'आयकॉन ऑफ द सीज'सारख्या महाकाय जहाजावर झेंडा बहामाचा!

खासगी बेट हा आता क्रूझ कंपन्यांचा हुकमी एक्का झालाय. नॉर्वेजियन कंपनीने 1977 मध्ये बहामातलं ग्रेट स्टिरप के घेतलं, तिथून ही गोष्ट सुरू झाली. 1998 मध्ये डिस्नेचं कॅस्टअवे की आलं. 2019 मध्ये एमएससीचं ओशन के आणि कोकोकेचा नवा अवतार आला. जुलै 2025 मध्ये कार्निव्हलने ग्रँड बहामा बेटावर 'सेलिब्रेशन की' सुरू केलं. एकट्या कोकोकेवर 25 कोटी डॉलर खर्च झाले. वाळू आणि नारळाच्या झाडांसाठी कुणी एवढे पैसे का ओतेल?

दिवस कसा जातो?

समजा, आई-बाबा आणि दोन मुलं असं चौघांचं कुटुंब आहे. जहाज सकाळी थेट धक्क्याला लागतं. पूर्वी छोट्या बोटींतून किनाऱ्यावर जावं लागायचं. आता आजीची व्हीलचेअरसुद्धा आरामात उतरते. खिशात पैसे नकोत, जहाजावरचं कार्डच बेटावर चालतं. बीचवरच्या खुर्च्या, छत्र्या, मोठा गोड्या पाण्याचा पूल, लहानग्यांचे कारंजे आणि दुपारचं जेवण हे सगळं तिकिटात आलं. जीवरक्षक जागोजागी, कचरा कुठेच नाही, मागे लागणारे फेरीवालेही नाहीत. लहान मुलं बरोबर असतील तर यापेक्षा बिनघोर दिवस मिळणं कठीण. हे मान्य करूनच पुढे जाऊ.

आता दुसरा भाग. 135 फूट उंच 'डेअरडेव्हिल्स पीक' ही घसरगुंडी ज्या वॉटरपार्कमध्ये आहे, त्याचं तिकीट वेगळं. 450 फुटांपर्यंत वर नेणारा फुगा वेगळा. झिपलाइन, कबाना, फक्त मोठ्यांसाठीचा 'हाइडअवे बीच', सगळ्याचे वेगळे पैसे. दर विमानाच्या तिकिटासारखे तारखेनुसार बदलतात. वॉटरपार्कचं तिकीट अनेकदा माणशी 100 डॉलरच्या वर जातं. म्हणजे चौघांचे 400 डॉलर, आपले पस्तीस हजार रुपये तरी धरा. मुलांनी ती घसरगुंडी जहाजाच्या डेकवरूनच पाहिलेली असते. आता नाही म्हणून दाखवा!

बेट हवंच कशाला?

कारण बंदरात उतरलेला प्रवासी कंपनीच्या हातून सुटतो. नासाऊसारख्या शहरात तो टॅक्सी करतो, स्ट्रॉ मार्केटमध्ये टोपी घेतो, एखाद्या टपरीवर शंखाच्या मांसाचे तळलेले फ्रिटर्स खातो. तो पैसा गावात जातो. खासगी बेटावर मात्र टोपीचं दुकान, बार, कबाना सगळं एकाच कंपनीच्या हिशेबात. प्रवासी जहाजावरून उतरतो, पण कंपनीच्या गल्ल्यापासून दूर जात नाही.

अंतराचंही गणित आहे. ही बेटं फ्लोरिडाच्या जवळ. रात्री निघालेलं जहाज निवांत वेगाने जाऊन सकाळी पोहोचतं, इंधन वाचतं. त्यात अमेरिकेचा 1886 चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन त्यांना परत तिथेच सोडायचं असेल, तर मध्ये एखाद्या परदेशी बंदरात थांबावं लागतं. बहामातलं खासगी बेट ही कायद्याने परदेशी भूमीच. अट पूर्ण झाली आणि परदेशातला खर्चही घरातच राहिला.

बहामाच्या हाती काय?

सातशेहून जास्त बेटं, लोकसंख्या जेमतेम चार लाख, 1973 मध्ये ब्रिटनपासून स्वातंत्र्य. देशाच्या अर्थव्यवस्थेचा जवळपास निम्मा भार पर्यटनावर. 2024 मध्ये इथे 1 कोटी 10 लाखांहून जास्त पर्यटक आले. त्यातले दर पाचांत चारांहून जास्त जहाजाने आलेले. विमानाने येणारा पाहुणा हॉटेलात राहतो, चार दिवस खातो-पितो, फिरतो. जहाजाने येणारा संध्याकाळी निघून जातो. आणि तो खासगी बेटावरच उतरला तर बहामाचा खरा रहिवासी त्याला कर्मचाऱ्याच्या गणवेशातच भेटतो.

हे सरकारलाही कळलंय. जानेवारी 2024 पासून तिथला प्रवासी कर वाढला. नासाऊ किंवा फ्रीपोर्टला उतरणाऱ्यासाठी 23 डॉलर, पण फक्त खासगी बेटावर जाणाऱ्यासाठी 25 डॉलर. दोन डॉलरचाच फरक, पण त्यातून सरकार म्हणतंय, 'आमच्या गावात येणार नसाल तर थोडं जास्त द्या.' तरी हिशेब करा. चौघांचा मिळून हा कर 100 डॉलर. तेवढ्यात वॉटरपार्कचं एखादंच तिकीट येतं.

दुसरा उपाय भागीदारीचा. नासाऊजवळच्या पॅराडाइज आयलंडवर रॉयल कॅरिबियनने 'बीच क्लब' आखला, तेव्हा त्यात 49 टक्क्यांपर्यंत मालकी बहामाच्या बाजूला ठेवण्याचं ठरलं. नुसत्या नोकऱ्यांपेक्षा हे नक्कीच पुढचं पाऊल आहे.

कंपन्या सगळं वाईटच करतात असंही नाही. ओशन के आधी वाळू उपसण्याची औद्योगिक जागा होती. तिथलं भंगार हटवून, झाडं लावून ते बेट पुन्हा उभं केलं गेलं. पण एल्युथेरा बेटावरच्या लाइटहाउस पॉइंटचं काय? ती जागा राष्ट्रीय उद्यान व्हावी म्हणून स्थानिक लोक आणि पर्यावरणवादी झगडत होते. शेवटी ती डिस्नेने घेतली. सुमारे 190 एकर जमीन सरकारला दिली आणि जून 2024 मध्ये तिथे जहाजं लागू लागली. वाद अजून विसरला गेलेला नाही.

कुंपणापलीकडचं हैती

या मॉडेलची खरी परीक्षा बघायची तर लबाडीला चला. (नावावर हसू नका, गावाचं नाव खरंच लबाडी आहे.) हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरची ही जागा रॉयल कॅरिबियनकडे 1986 पासून भाड्याने आहे. हे बेट नाही, मुख्य भूमीचाच तुकडा आहे. म्हणून कुंपण आहे, पहारा आहे. अलीकडे बीच, पलीकडे या भागातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक.

12 जानेवारी 2010 ला हैतीत प्रचंड भूकंप झाला. तीनच दिवसांनी कंपनीचं जहाज लबाडीला लागलं. जगभर टीका झाली: तिकडे ढिगाऱ्याखाली माणसं आणि इकडे लोक पोहतायत? कंपनीचं उत्तर होतं की जहाजातून मदतीचं सामानही आणलंय आणि इथल्या लोकांचा रोजगार आत्ता थांबवणं त्यांच्याच अंगलट येईल. दोन्ही बाजू ऐकल्यावर पटकन निकाल देता येत नाही, हे खरं.

पण पुढचं बघा. हैतीतला हिंसाचार वाढल्यावर 2024 मध्ये कंपनीने लबाडीच्या फेऱ्या थांबवल्या. मध्ये काही काळ सुरू केल्या आणि 2025 मध्ये पुन्हा बंद केल्या. प्रवाशांच्या सुरक्षेचा विचार करता निर्णय बरोबरच. फक्त जहाज नकाशावर दुसरं बंदर निवडून मोकळं होतं. लाकडी मूर्ती विकणारा तिथला कारागीर कुठे वळणार?

आपला काय संबंध?

एक संबंध तर जुनाच. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला 'तारवटी' म्हणतात आणि असं घर तिथे गावोगावी सापडतं. मुंबई-कोकणातलीही हॉटेल मॅनेजमेंट केलेली कितीतरी मुलं-मुली महिनोन् महिने क्रूझवर राबतात. तुमच्या कॉलेजचा एखादा सीनिअर आत्ता कुठल्या तरी डेकवर ट्रे उचलत असेल.

दुसरा संबंध नवा आहे. 30 सप्टेंबर 2024 ला मुंबईतून केंद्र सरकारच्या 'क्रूझ भारत मिशन'ची सुरुवात झाली. 2029 पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची, असं उद्दिष्ट आहे. मुंबईहून गोवा, लक्षद्वीपला जाणारं जहाज तर आधीपासूनच आहे. मोठी जहाजं आली की 'खास आमच्या प्रवाशांसाठी' राखीव किनारा ही मागणी फार लांब नसेल.

म्हणून तारकर्लीचा एक दिवस आठवा. सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणारा होडीवाला, सोलकढी वाढणारी खानावळवाली काकू, न्याहारी-निवासवाले काका, शहाळी विकणारा पोरगा. तुमचे दोन-तीन हजार रुपये दहा हातांत जातात. तिथे टॉयलेट नीट नसतं, कचरा दिसतो, कधी जास्तीचे पैसेही उकळले जातात. कोकोकेकडून शिकण्यासारखं तिथे पुष्कळ आहे: स्वच्छता, जीवरक्षक, व्हीलचेअरची सोय. पण ही शिस्त आणायला किनाऱ्याला कुंपण घालावं लागत नाही.

उद्या आपल्या एखाद्या किनाऱ्यावर असा प्रकल्प जाहीर झाला, तर रेंडर केलेले सुंदर फोटो शेअर करण्याआधी चार प्रश्न विचारा. गावातल्या माणसाला तिथे पोहायला जाता येईल का? पर्यटकाच्या शंभर रुपयांतले किती गावात राहतील? गावाला नोकरीच मिळणार की मालकीतही वाटा असेल? आणि उद्या जहाज यायचं थांबलं तर मागे काय उरेल? उत्तरं चांगली असतील तर खुशाल बॅग भरा. नसतील तर ग्रामसभेची तारीख विचारून घ्या आणि तिथे जाऊन बोला.