खेळ जुना झाला, की घर रिकामं झालं?

कुठलंही मंडळ, संघटना, वाचनालय ओस पडू लागलं की दोन उत्तरं तयार असतात. एक, ‘काळ बदलला.’ दुसरं, ‘हल्लीच्या लोकांना चिकाटीच नाही.’ चळवळीतल्या आपण बायकांनी ही उत्तरं पुष्कळदा ऐकली आहेत आणि, खोटं कशाला बोला, पुष्कळदा दिलीही आहेत. कोण गेलं, का गेलं, हे विचारण्याचे कष्ट त्यामुळे वाचतात.

हीच उत्तरं या वेळी मला एका अगदी वेगळ्या ठिकाणी तपासायची आहेत. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या कंपनीने चालवलेला इंटरनेटवरचा एक खेळ. ‘खेळ? आपल्या अंकात?’ असं म्हणून पान उलटू नका, मैत्रिणींनो. एके काळी एक कोटी वीस लाख माणसं ज्या जागेसाठी पैसे भरत होती, त्या जागेत बाईला काय वागणूक मिळाली, हा आपला विषय नाही तर कुणाचा?

हा पत्त्यांसारखा तासाभराचा खेळ नव्हे. एक काल्पनिक जग असतं, त्यात हजारो माणसं एकाच वेळी वावरतात. कुणी योद्धा होतं, कुणी चेटकीण, कुणी जखमा भरून काढणारं. गट करून मोहिमांवर जायचं, आणि खेळ कधी संपतच नाही. या प्रकाराचं मूळ १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी रचलेल्या, फक्त अक्षरांतून खेळायच्या एका खेळात आहे. पुढे १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’, १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ब्लिझार्ड कंपनीचा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. अमेरिकेत त्याची वर्गणी महिन्याला पंधरा डॉलर. म्हणजे हा एकदा विकून टाकायचा माल नव्हे. माणूस दर महिन्याला परत आलं पाहिजे, यावर सगळा धंदा उभा.

आता आकडे पाहा. हे कंपनीनेच वेळोवेळी जाहीर केलेले आहेत. ऑक्टोबर २०१० मध्ये १ कोटी २० लाख वर्गणीदार. २०११ च्या अखेरीस १ कोटी २ लाख. जून २०१३ मध्ये ७७ लाख. जून २०१४ मध्ये ६८ लाख. सप्टेंबर २०१५ च्या अखेरीस ५५ लाख. त्यानंतर कंपनीने जाहीर केलं की यापुढे हा आकडा आम्ही सांगणारच नाही. रोग्याचा ताप उतरेना, तेव्हा थर्मामीटरच उचलून ठेवला.

कारण काय सांगितलं जातं? खेळ जुना झाला. नवे खेळ आले. लोकांच्या हाती मोबाइल आले. यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. पण वरच्या आकड्यांतला एक आकडा मी मुद्दाम मागे ठेवला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये, खेळ बरोबर दहा वर्षांचा झाला असताना, त्याचा ‘वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर’ हा नवा भाग निघाला आणि वर्गणीदार पुन्हा एक कोटीच्या वर गेले. मार्च २०१५ च्या अखेरीस ते ७१ लाख उरले आणि जूनअखेर ५६ लाख. सात-आठ महिन्यांत जवळजवळ निम्मे गेले. खेळ जुना झाला म्हणून लोक कंटाळले असते, तर ती लाखो माणसं परत आलीच कशाला असती? ती आली, त्यांनी दार उघडून पाहिलं, आत ओळखीचं कुणी दिसेना, आणि ती निघून गेली.

माणूस अशा खेळात कशासाठी टिकतं, हे खेळणाऱ्या कुणालाही विचारा. राक्षस मारण्यासाठी माणूस येतं, पण राहतं ते माणसांसाठी. या खेळांत खेळाडूंचे कायमचे गट असतात, त्यांना गिल्ड म्हणतात. गिल्ड चालवणं म्हणजे काय? कुणाला कुठली वेळ सोयीची ते विचारून मोहीम ठरवायची. नव्या आलेल्याला सांभाळून घ्यायचं. लुटीच्या वाटणीवरून भांडणं झाली की ती सोडवायची. चार दिवस कुणी दिसलं नाही तर ‘बरं आहे ना?’ असं विचारायचं. ओळखीचं वाटतं ना हे काम? घर असंच चालतं. सण, बारसं, आजारपण, सगळं असंच पार पडतं. या कामाला मजुरी नाही, नाव नाही. ज्या गोष्टीसाठी कंपनी पंधरा डॉलर घेते, तिचा मोठा हिस्सा खेळाडूच फुकट तयार करतात.

बायका या खेळात होत्या का? होत्या. पण कमी होत्या. खेळाडूंच्या आवडीनिवडींवर संशोधन करणाऱ्या क्वांटिक फाउंड्री या संस्थेने २०१७ मध्ये मांडलेल्या पाहणीत वॉरक्राफ्ट खेळणाऱ्यांत बायका २३ टक्के होत्या. याच जातीच्या इतर खेळांत मिळून हे प्रमाण ३६ टक्के होतं. म्हणजे असे खेळ बायकांना आवडत नाहीत, ही सबब इथेच संपली.

याहून बोलका अभ्यास २००९ सालचा आहे. दिमित्री विल्यम्स, मिया कॉन्साल्व्हो, स्कॉट कॅप्लन आणि निक यी यांनी ‘एव्हरक्वेस्ट २’ च्या सुमारे सात हजार खेळाडूंचा अभ्यास केला. कंपनीकडची खरी नोंद हाती असल्यामुळे कोण किती तास खेळलं हे त्यांना पक्कं कळत होतं. त्यांना काय आढळलं? बायका पुरुषांच्या सुमारे एक-चतुर्थांशच होत्या. पण त्या आठवड्याला सरासरी २९ तास खेळत होत्या आणि पुरुष २५ तास. खेळ सोडून देण्याचा विचार बायकांच्या मनात पुरुषांपेक्षा कमी होता. आणि आपण किती तास खेळतो हे विचारल्यावर दोघांनीही आकडा कमी सांगितला, पण बायकांनी जास्त कमी सांगितला.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. जी सर्वांत निष्ठेने येते, तीच आपला वेळ लपवते. कारण बाईने स्वतःच्या करमणुकीसाठी घेतलेला तास हा कुणाच्या तरी जेवणातून, कुणाच्या तरी अभ्यासातून चोरलेला तास आहे, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं असतं. अमेरिकेतल्या बाईलाही.

अशा निष्ठावान खेळाडूला या जगाने काय दिलं? पहिली गोष्ट चिलखत. तेच चिलखत पुरुषाच्या अंगावर गळ्यापासून पावलांपर्यंत आणि बाईच्या अंगावर घातलं की पोट नि मांड्या उघड्या, असे प्रकार वॉरक्राफ्टमध्ये सुरुवातीपासून होते. दुसरी गोष्ट आवाज. मोठ्या मोहिमेत एकमेकांशी बोलावं लागतं. बाईने तोंड उघडलं की तिची ओळख फुटली. मग ‘खरंच बाई आहेस का?’ पासून लग्नाच्या मागणीपर्यंत आणि तिथून शिवीगाळीपर्यंत काहीही. कित्येक बायका गप्प राहून खेळल्या. चार माणसांत गप्प बसून वावरायचं हे कसब आपल्याला नवीन नाही.

कंपनीला हे कळत नव्हतं का? जानेवारी २००६ मध्ये एका खेळाडूने आपल्या गिल्डमध्ये समलिंगी आणि तृतीयपंथी खेळाडूंचं स्वागत आहे असं खेळात जाहीर केलं. कंपनीने तिला ताकीद दिली. नियम कुठला लावला? लैंगिकतेवरून होणाऱ्या छळाविरुद्धचा! म्हणजे छळ करणारा मोकळा आणि आसरा देणारी आरोपी. बराच गवगवा झाल्यावर कंपनीने माफी मागितली.

पुढे ६ जुलै २०१० रोजी, वर्गणीदार कळसाला पोचत असताना, कंपनीने घोषणा केली की तिच्या चर्चेच्या पानांवर यापुढे प्रत्येकाचं खरं नाव-आडनाव दिसेल. उद्देश म्हणे शिस्त लावण्याचा. बायकांनी लगेच विचारलं, मोहिमेत ज्याला मी नकार दिला त्याच्या हातात माझं नाव-आडनाव कशाला? यात धोका नाही हे दाखवायला कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने आपलं खरं नाव दिलं, आणि बघता बघता त्याची खाजगी माहिती लोकांनी शोधून चव्हाट्यावर मांडली. ९ जुलैला कंपनीने निर्णय मागे घेतला. तीन दिवसांत जे उमगलं, ते निर्णय घेण्याआधी एखाद्या बाईला विचारलं असतं तर तीन मिनिटांत कळलं असतं.

कोणी विचारायला बाई तरी हवी ना! जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने या कंपनीवर दावा लावला. पगारात आणि बढतीत भेदभाव, लैंगिक छळ, गरोदर बायकांना जाच, असे आरोप त्यात होते. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी ठेवलेल्या खोलीतून त्यांना बाहेर काढून पुरुष तिथे बैठका घेत, हाही एक आरोप होता. नोकरवर्गात बायका सुमारे २० टक्के असल्याचं दाव्यात म्हटलं होतं. कंपनीने आरोप नाकारले. कर्मचाऱ्यांनी २८ जुलैला काम बंद करून निदर्शनं केली. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. छळ सर्वत्र पसरलेला होता हे कुठल्या न्यायालयाने किंवा स्वतंत्र चौकशीने सिद्ध केलेलं नाही, असं त्या तडजोडीत नमूद आहे. तेही इथे सांगायलाच हवं. मात्र दोनच महिन्यांपूर्वी ही कंपनी मायक्रोसॉफ्टने सुमारे ६९ अब्ज डॉलरला विकत घेतली होती, हा हिशेबही शेजारी मांडून ठेवा.

दाव्यानंतर खेळात साफसफाई झाली. भिंतीवरच्या एका चित्रातली उत्तान बाई काढली आणि तिच्या जागी फळांची परडी रंगवली. मागणी होती माणूस म्हणून वागवण्याची, आणि मिळाली फळं.

आता कुणी म्हणेल, बायका मुळातच कमी, मग त्या गेल्या म्हणून एवढी पडझड कशी? एवढं सोपं गणित मी मांडतच नाही. माझं म्हणणं असं आहे की माणसं धरून ठेवण्याचं काम, ते बाई करो की पुरुष, ‘बायकी’ ठरलं आणि म्हणून ते कुणाच्या हिशेबात आलं नाही. डिसेंबर २००९ मध्ये अनोळखी पाच जणांची आपोआप जोडणी करणारी सोय आली. रात्री पोर झोपल्यावर अर्धा तास मिळणाऱ्या बाईला ती उपयोगीही होती, हे कबूल. मोठ्या मोहिमांच्या ठरलेल्या तीन-चार तासांत बसणं दुसरी पाळी करणाऱ्या बाईला जमणारच कसं? पण त्या सोयीत कुणी कुणाशी बोलेना. काम उरकलं की पाचही जण पांगले. २०१४ च्या नव्या भागात तर प्रत्येकाला आपापला किल्ला दिला. सगळी कामं घरबसल्या, शेजाऱ्याचं तोंड पाहायला नको. पाणवठा बुजवून घराघरात नळ दिले, आणि मग गावात कुणी भेटत नाही म्हणून आश्चर्य केलं! गिल्ड सांभाळणारी थकून गेली, तिची जागा कुणी घेतली नाही, आणि तिच्या मागोमाग चाळीस जण गेले. कंपनीच्या वहीत एवढीच नोंद राहिली: वर्गणीदार घटले.

जाणारी माणसं खेळालाच कंटाळलेली असतात असंही नाही. २०२१ मध्ये वॉरक्राफ्टचे पुष्कळ खेळाडू ‘फायनल फँटसी १४’ या जपानी खेळाकडे गेले. डिसेंबरमध्ये तिथे इतकी गर्दी झाली की विक्री काही आठवडे थांबवावी लागली. त्या खेळाचा प्रमुख नाओकी योशिदा उघड सांगतो की कंटाळा आला तर थांबा, दुसरं काही खेळा, वाटलं तर परत या. तो खेळ काही स्वर्ग नव्हे आणि त्याची कंपनीही नफ्यासाठीच बसली आहे. पण येण्याजाण्याचं दार मोकळं ठेवलं तर माणसं परततात, एवढं त्यावरून दिसतं.

तेव्हा या कंपन्यांना आपलं सांगणं असं. बायकांसाठी गुलाबी खेळ काढू नका. तक्रार केल्यावर तिचं काय झालं, हे तक्रार करणारीला सांगा. निर्णयाच्या टेबलावर बायका बसवा. गट सांभाळणाऱ्याच्या कामाची किंमत मोजा. आणि सोडून जाणारीला ‘परत येशील का?’ विचारण्याआधी ‘का गेलीस?’ हे विचारा.

आणि हाच प्रश्न आपल्या गटांनाही आहे. आपल्या हजेरीच्या वहीतली किती नावं गेल्या पाच वर्षांत कमी झाली? त्यांतल्या कितींच्या घरी आपण गेलो? बैठक संध्याकाळी सातला ठेवून ‘बायका येत नाहीत’ असं आपणही म्हटलंच ना? सतरंजी घालणारी, चहा करणारी, फोन करून सगळ्यांना गोळा करणारी एक जण यायची बंद झाली आणि वर्षभरात गट मोडला, हे कितीजणींनी पाहिलं आहे? तेव्हा आपण काय म्हणालो? काळ बदलला!

पुढच्या बैठकीला जुनी वही घेऊन या. खोडलेली नावं आधी वाचू.