दिसले नाही, म्हणजे नाहीच का?

पंढरपूरसारख्या उष्ण हवेच्या गावात कुत्र्याच्या अंगावर गोचीड दिसणे यात नवल नाही. कानात, बोटांच्या बेचक्यांत ती चिकटलेली असते. अंडी मात्र जुन्या वाड्यांच्या भिंतींतील भेगांत घालते. हीच तपकिरी गोचीड रक्त पिताना 'एर्लिकिया कॅनिस' हे जंतू कुत्र्याच्या शरीरात सोडते. १९३५ साली अल्जीरियातील कुत्र्यांत त्यांचा शोध लागला. कुत्र्याला ताप येतो, ते खाणे टाकते, रक्तातील बिंबाणू घटल्यामुळे कधी नाकातून रक्तही येते. मग रक्त तपासले जाते, 'जंतू दिसले नाहीत' असा अहवाल मिळतो आणि मालक निर्धास्त होतो. माझ्या मते ही निर्धास्ती शास्त्राला धरून नाही.

थोडे गणित करू. हे जंतू मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींत तुतीच्या फळासारखे पुंजके करून राहतात. समजा, अशा हजार पेशींत एकीतच पुंजका आहे आणि आपण सूक्ष्मदर्शकातून शंभर पेशी पाहिल्या. एकही पुंजका न दिसण्याची संभाव्यता ०.९९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.९० येते. अशा दहा आजारी कुत्र्यांपैकी नऊ 'निरोगी' ठरतील! म्हणून रक्त केंद्रोत्सारी यंत्रात फिरवतात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, रक्तद्रव वर राहतो आणि पांढऱ्या पेशी मधल्या पातळ थरात गोळा होतात. त्या थरात शोध घेणे अधिक फलदायी ठरते.

दुसरी चाचणी प्रतिपिंडांची. पण लागण होताच ते तयार झालेले नसतात आणि रोग बरा झाल्यावरही महिनोन् महिने टिकतात. 'जंतू कधी आले होते का?' याचे उत्तर त्यांतून मिळते. 'आज आहेत का?' याचे नाही. तिसरी पीसीआर चाचणी जंतूंचा डीएनएच शोधते. मुंबई, दिल्ली, सिक्कीम व लडाख येथील ५२५ कुत्र्यांच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिने सुमारे २१ टक्के कुत्र्यांत हे जंतू दाखवले. मात्र जुनाट रोगात जंतू प्लीहेत व अस्थिमज्जेत दडतात. तेव्हा तीही चुकू शकते.

मग सरसकट डॉक्सिसायक्लिन का देऊ नये? कारण हीच गोचीड बेबेसिया हा एकपेशीय परजीवीही पसरवते. लक्षणे बरीचशी सारखी. पण केवळ या औषधाने तो हटत नाही. कुत्रे अत्यवस्थ असेल तर पशुवैद्याने उपचार लगेच सुरू करावेत, हे योग्यच. पण औषधाच्या पहिल्या मात्रेपूर्वी रक्ताचा नमुना घेतलाच पाहिजे आणि तो तपासण्याची सोय तालुक्याच्या गावीही हवी.

विद्यार्थ्यांनो, कोणताही अहवाल हाती आला की दोन प्रश्न विचारा: नेमके काय शोधले, आणि किती ठिकाणी शोधले? शिक्षकांनी वरचे गणित पाचशे पेशी घेऊन वर्गात जरूर करवून घ्यावे.